जमा झालेले कपडे टेम्पोत चढवायच्या आधी

अमळनेरच्या एका ताईंनी विचारलंय की त्यांच्या कॉलेजच्या एनएसएसच्या पोरांनी मराठवाड्यातल्या पूरग्रस्तांसाठी घरोघरी फिरून कपडे जमा केले, दोन खोल्या भरल्या, १८ पोरं-पोरी मदतीला आहेत, तर सगळं तसंच आयशरमध्ये भरून पाठवून द्यायचं का आधी निवडायचं, आणि तिकडे गेल्यावर वाटायचं कसं.

ताई, उत्तर लांबेल पण नीट सांगतो. माझं चाळीसगाव तालुक्यात रेडिमेड कपड्याचं दुकान आहे आणि २००१ च्या भूजच्या भूकंपापासून मी हे कपडे जमवायचं, निवडायचं, पोहोचवायचं काम करतोय. २००६ ला उकाईचं पाणी सुटून सुरत बुडाली तेव्हा केलं (तिकडे आपले खान्देशी लोक किती आहेत ते तुम्हाला माहितीच आहे, प्रत्येक घरातून कोणाचा तरी भाऊ नाहीतर मेहुणा तिकडे होता), २०१९ ला सांगली-कोल्हापूरच्या पुरात केलं. आणि ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नदीचं पाणी आमच्याच चाळीसगावात शिरलं तेव्हा मी घेणाऱ्यांच्या बाजूला पण उभा राहिलो. खरं सांगायचं तर त्या आधीची वीस वर्षं मी जे शिकलो त्याच्यापेक्षा जास्त त्या आठ दिवसांत शिकलो.

म्हणून पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, निवड अमळनेरातच करा. एक गोणी पण न उघडता पुढं जाऊ देऊ नका.

कारण काय, तर पुराच्या गावात निवडायला कोरडी जागा नसते, माणसं नसतात, वीज नसते. जी चार माणसं शाळेत नाहीतर समाजमंदिरात मदतीला असतात त्यांच्या स्वतःच्या घरात गुडघाभर गाळ असतो. त्यांच्यापुढं तुम्ही २०० गोण्या उतरवल्या की त्यांनी गाळ काढायचा का तुमच्या गोण्या सोडायच्या? २०१९ ला आम्ही हेच केलं होतं. तीन दिवसांत ट्रक भरला, भरभरून वाटत होतं, पाठवून दिला. चौथ्या दिवशी मी स्वतः तिकडे गेलो तर आमच्या गोण्या एका शाळेच्या व्हरांड्याच्या बाहेर पडलेल्या, अर्ध्या फुटलेल्या, वरून पाऊस. एका गोणीतून लग्नातला चमकीचा घागरा लोंबत होता आणि खाली चिखलात लहान पोराचे स्वेटर. तिथल्या एका गुरुजींनी मला हात जोडून सांगितलं की भाऊ, आता कपडे नका पाठवू, आम्हाला हे उचलायला माणसं लागतील. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर रस्त्याच्या कडेला असेच जुन्या कपड्यांचे डोंगर पडले होते. ते नंतर गूंज या संस्थेने उचलून धुऊन, निवडून कामाला लावले, ज्यांच्या अंशू गुप्तांना २०१५ ला मॅगसेसे मिळालं. त्यांची सगळी पद्धतच अशी आहे की कपडा आधी निवडायचा, त्याच्या जोड्या लावायच्या, आणि मग ज्या भागात जे घालतात तेच तिकडे पाठवायचं.

आता टेबलाचं सांगतो. दोन खोल्यांतल्या एका खोलीतला माल आधी बाहेर काढा, ती रिकामी करून झाडून घ्या, त्यात चार-पाच टेबलं लावा. जमिनीवर बसून निवडू नका, कंबर जाते आणि कपडा परत मळतो. पोरांना मास्क द्या, नक्की द्या, जुन्या कपड्यांची धूळ भलती बारीक असते, दुसऱ्या दिवशी अर्धी टीम शिंकत घरी बसते. गोणीत हात घालू देऊ नका, गोणी टेबलावर उलटी करायची, कारण कपड्यांत टाचण्या, सुया, क्वचित ब्लेड पण निघतं.

एक कपडा हातात आला की काय करायचं हे मी पोरांना असं शिकवतो. आधी नाकाजवळ न्या. ओलसर, कुबट वास आला की तो बाजूला, बाकी काही पाहूच नका, कारण एक दमट शर्ट बंद गोणीत चार दिवस राहिला की आजूबाजूच्या दहा कपड्यांना काळे ठिपके पाडतो. मग दोन्ही हातांनी खांद्याला धरून उजेडासमोर पसरा, विरलेला असेल तर उजेड आरपार दिसतो. मग कॉलर, मग काखेची शिवण, मग बटणं वरून खाली मोजत, चेन एकदा वर-खाली. खिशात हात घाला, पेन, औषधाच्या पट्ट्या, पैसे सगळं निघतं, पैसे निघाले तर वहीत लिहून वेगळे ठेवा. परकर आणि सलवार हातात आली की नाडी पाहा. बिननाडीच्या परकराचा त्या बाईला काहीच उपयोग नाही, तिच्याकडे त्या वेळेला दोरीचा तुकडा पण नसतो. दुकानातून नाड्यांची दोन बंडलं आणि सेफ्टी पिनांची पाकिटं आणून ठेवा, दोन पोरींना फक्त नाड्या घालायच्या कामाला बसवा. माझ्या अनुभवात एक माणूस तासाला ४०-५० कपडे नीट पाहतो, त्याच्यापेक्षा जास्त होत असतील तर तो पाहत नाही, फेकतोय.

मापाचं. कॉलरच्या लेबलावर जाऊ नका, धुऊन धुऊन आटलेलं असतं. टेबलाच्या कडेला मेजरिंग टेप चिकटवून टाका, पँट आडवी ठेवली, कंबर मोजली, दुप्पट केली, झालं. आणि इथे एक गोष्ट जी मला दुकानदार असल्यामुळे लवकर कळली, शहरातून येणाऱ्या पँटी बहुतेक ३६, ३८, ४० कंबरेच्या असतात, ज्यांचं पोट वाढल्यामुळे नाहीतर कमी झाल्यामुळे ती पँट सुटली अशा माणसांच्या. शेतात राबणाऱ्या माणसाची कंबर असते २८ ते ३२. म्हणजे तुम्ही ५०० पँटी पाठवल्या तरी शंभर जणांना पण बसत नाही, आणि पट्टा कोण देतं? म्हणून पुरुषांसाठी मी लुंगी, नाईट पँट, इलॅस्टिकची बर्म्युडा, शर्ट, टॉवेल आणि बागायतदार रुमाल हेच मागतो. म्हाताऱ्या माणसांना धोतर. जीन्स शक्यतो नकोच, पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही आणि ओल्या जीन्सने मांड्या सोलतात.

बायकांच्या कपड्यांचं सगळ्यात अवघड असतं आणि नेमकं तिथेच सगळे घाई करतात. साड्या ढिगाने येतात पण साडी एकटी कोणाच्या कामाची, परकर पाहिजे, ब्लाऊज पाहिजे, आणि ब्लाऊज दुसरीचं दुसरीला बसत नाही. आम्ही आता ब्लाऊज निवडतच नाही, त्याच्याऐवजी मोठ्या मापाचे गाऊन जास्त पाठवतो, पहिल्या आठ दिवसांत गाळ काढताना बायकांना गाऊन आणि वरून ओढणी नाहीतर टॉवेल हेच बरं पडतं. ज्यांना साडी पाहिजे त्यांच्यासाठी साडी, नाडीवाला परकर आणि दोन्ही बाजूंनी माया (सैल करायला शिवणीत जादा कापड) सोडलेलं नवं ब्लाऊज. गावातल्या ज्या ताया शिवणकाम करतात त्यांना सांगितलं तर ३४, ३६, ३८, ४० अशा चार मापांत दोन दिवसांत शिवून देतात, मजुरी मात्र रोख द्या, ते फुकट मागू नका.

आणि लुगडं. हे मी विसरू शकत नाही. २०२१ च्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात इकडे बाहेरगावाहून मदतीचा टेम्पो आला, खेडेगावातली एक आजी, पंच्याहत्तरच्या पुढची असेल, अंगावर तेच चार दिवसांचं गाळाने कडक झालेलं नऊवारी, ती त्या ढिगात तासभर वाकून शोधत होती. पोरांनी तिला तीन-चार साड्या दाखवल्या, चांगल्या होत्या, नव्यासारख्या. ती हात लावायची आणि परत ठेवायची. मी जवळ गेलो तर म्हणाली, ‘काय करू भाऊ हाई लिसन, माले लुगडं पाहिजे.’ (हे घेऊन काय करू, मला लुगडं पाहिजे.) आख्ख्या टेम्पोत एक नऊवारी नव्हतं. साठ वर्षं जी बाई लुगडं नेसली ती सहावारी कशी नेसणार, आणि तिला ते नेसवणारी सून पण तिकडे गाळात. माझ्या स्वतःच्या दुकानात साडीचा माल नव्हता, मग दुसऱ्या दुकानदाराचं कोरडं राहिलेलं वरच्या फळीवरचं लुगडं आणून दिलं. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी वर्गणीतून नवी नऊवारी विकत घेतो आणि वेगळ्या खोक्यात भरून त्याच्यावर मोठ्या अक्षरात लिहितो. मराठवाड्यात पण म्हाताऱ्या बायका नऊवारी नेसतात, तुम्ही पण घ्या, गावामागे दहा-बारा तरी.

अंडरगारमेंट्स फक्त नवे, पॅकबंद. वापरलेले कितीही धुतलेले असले तरी नाही. पोरांना हे सांगायला लाज वाटते म्हणून मी घरोघरी फिरायच्या आधीच पत्रकात छापून टाकतो. यासाठीच लोकांकडून कपड्यांऐवजी पैसे मागा, १०० रुपये देणारा माणूस जुन्या शर्टापेक्षा जास्त कामाचं देतो. निकर, बनियन, बायकांचे आतले कपडे, सॅनिटरी पॅड आणि ज्यांना पॅडची सवय नाही त्यांच्यासाठी स्वच्छ धुतलेल्या मऊ सुती कापडाचे तुकडे, हे सगळं एका कागदी पिशवीत घालून द्यायचं. हे मागायला बाई येत नाही, तुम्हालाच आधी कळलं पाहिजे.

तान्ह्या बाळांच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या टाकू नका. काही बाळांना जन्मतः एक दोष असतो, त्यांना त्या गोळ्यांच्या नुसत्या वासाने, कपड्यातून पण, रक्तातल्या लाल पेशी फुटून कावीळ होते. कडुनिंबाचा वाळलेला पाला टाका, आणि बाळाचा प्रत्येक कपडा परत एकदा धुऊन उन्हात वाळवून मगच भरा. आपल्याकडे ऊन आहे, त्याचा फायदा घ्या.

आता जे बाद होईल त्याचं. आधीच सांगतो म्हणजे धक्का बसणार नाही, शंभरातले चाळीस-पन्नास कपडे बाजूला पडतील. लोक वाईट नसतात, पण घर आवरताना जे बोहारणीने पण नाकारलं असतं तेही पिशवीत टाकून देतात. पोरांना ते परत करायला लावू नका. फाटलेलं सुती गॅरेजवाल्यांना पुसायला लागतं, साड्या आणि धोतरं गोधड्या शिवणाऱ्या बायकांना, बाकीचं चिंधीवाल्याला किलोवर (तिकडून बरंचसं पानिपतला जातं, तिथे जुन्या कापडाचा परत धागा करतात). त्याचे जे पैसे येतील त्यातून नाड्या, बनियन, लुगडी. स्वेटर, ब्लँकेट चांगले असतील आणि आत्ता पावसाळ्यात लागणार नसतील तर स्वच्छ करून ठेवा, डिसेंबरात सातपुड्यात धडगाव, तोरणमाळकडे थंडी काय असते ते तिकडच्या शाळेतल्या शिक्षकांना विचारा. पण तिकडे पण आधी विचारूनच न्या. लग्नाचे शेरवानी, घागरे, कोट असं काही असेल तर ते विकून टाका सरळ.

भरायला खताच्या रिकाम्या गोण्या अजिबात नको, कितीही झटकल्या तरी खत राहतं आणि अंगाला खाज सुटते. आपल्याकडे रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या पॅकिंगवाल्यांकडे पुठ्ठ्याचे खोके मिळतात, सगळे एका मापाचे, थप्पी छान लागते, दोन पोरं सहज उचलतात. कोरडे आणि न वापरलेले मागा. आत आधी प्लास्टिकची पिशवी, मग कपडे, मग पिशवीचं तोंड बांधून खोका चिकटपट्टीने बंद. खोक्यात एकाच प्रकारचा माल, मिसळ करायची नाही. वर आणि दोन बाजूंना मार्करने लिहा, ‘मुली, ६ ते ८ वर्षं, ४० ड्रेस’ असं, नुसतं ‘लेडीज’ लिहून काही कळत नाही. खोक्याला नंबर टाका आणि वहीत तो नंबर उतरवा. गाडीत आधी ते चढवा जे शेवटी लागणार, म्हणजे दार उघडल्यावर समोर टॉवेल, चादरी, गाऊन, लहान मुलांचे कपडे आणि आतल्या कपड्यांच्या पिशव्या पाहिजेत.

गाडी सोडायच्या आधी फोन. हे खरं तर सगळ्यात आधी करायचं होतं पण तुमचे कपडे जमा झालेलेच आहेत तर आत्ता करा. त्या जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाचा नंबर १०७७ असतो, पण अमळनेरहून तोच फिरवला तर जळगावचा कक्ष लागेल, म्हणून तिकडचा एसटीडी कोड आधी लावा नाहीतर त्यांच्याकडून तिकडचा थेट नंबर घ्या. त्यांना गाव विचारा, नाव सांगतील ते गाव घ्या, मग त्या गावातल्या अंगणवाडी ताईंचा नाहीतर आशाताईंचा नंबर मिळवा. सरपंचाशी बोलाच, पण माप अंगणवाडीवाल्या ताईंकडून घ्या, कोणत्या घरात किती पोरं, कोण गरोदर, कोण अंथरुणाला खिळलेलं हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांना एकच विचारा, ताई तुमच्या गावात आज काय कमी आहे? आणि त्या म्हणाल्या की कपडे भरपूर आलेत, आम्हाला फिनाईल आणि फावडी पाहिजेत, तर ऐका. खोके इथेच ठेवा, फावडी न्या. पोरं हिरमुसतील पण त्यांना समजावून सांगा, पोरांना समजतं.

वाटपाचं आता. टेम्पोवर उभं राहून फेकायचं नाही, कधीच नाही. मी पाहिलंय, जो धडधाकट तो पुढं, बाया मागे, म्हातारं माणूस ढकललं जातं, आणि ज्या माणसाने आयुष्यभर शेजाऱ्याला धान्य दिलं तो माणूस हात वर करून उभा असतो, नाहीतर येतच नाही. आमच्या गल्लीतली दोन घरं आलीच नव्हती, आम्ही सगळे विचार करत होतो की त्यांना गरज नाही. गरज होती. त्यांना लाज वाटत होती.

त्याच्याऐवजी आम्ही शाळेच्या खोलीत दुकान लावतो, मला दुसरं येतही नाही. बाकांवर मापाप्रमाणे घड्या मांडायच्या, एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. आदल्या दिवशी संध्याकाळी घरोघरी चिठ्ठी द्यायची, चिठ्ठीवर घरातली माणसं किती आणि यायची वेळ, एका वेळेला दहा कुटुंबं. मग ते येतात, आपल्या हाताने उलगडतात, अंगाला लावून पाहतात, नको ते ठेवतात. एक पोरगी गुलाबी फ्रॉकवरून निळ्यावर, परत गुलाबीवर अशी पंधरा मिनिटं करत होती, मी कोणाला तिला घाई करू दिली नाही. ती घरातलं सगळं वाहून गेलेली पोरगी होती, तेवढी पंधरा मिनिटं ती बाजारात आलेली होती.

बायकांच्या बाजूला फक्त तुमच्या पोरी उभ्या राहतील, एक कोपरा साडीचा पडदा लावून ट्रायलला ठेवा. आतल्या कपड्यांच्या पिशव्या पडद्यामागेच द्यायच्या. शेवटचा तास राखून ठेवा आणि जी घरं आली नाहीत त्यांच्याकडे अंगणवाडी ताईंबरोबर पिशवी घेऊन जा, गाजावाजा न करता. फोटोचं म्हणाल तर खोक्यांचे काढा, गाडीचे काढा, पोरांचे काढा, घेणाऱ्या माणसाचा कपडा हातात धरलेला फोटो काढू नका. कॉलेजला अहवाल लागत असेल तर चिठ्ठ्यांची मोजणी आणि सरपंचाचा सही-शिक्का पुरतो.

एक अजून, हे पोरांना पाठ करून पाठवा कारण लोक विचारतात. केंद्राच्या आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत घर पडलं, वाहून गेलं नाहीतर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात राहिलं तर कुटुंबामागे कपड्यांसाठी २५०० आणि भांडीकुंडी, घरसामानासाठी २५०० रुपये धरलेले होते (आत्ताचा आकडा तिकडे विचारून घ्या), राज्य सरकार काही वेळा अटी सैल करतं. त्यासाठी पंचनामा पाहिजे. तर गाळात गेलेले कपडे फेकून द्यायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवायला सांगा आणि तलाठ्याच्या यादीत नाव आहे का ते पाहायला सांगा. तुमचे कपडे घेतले म्हणून ती मदत कमी होत नाही, हे पण स्पष्ट सांगा, या भीतीने काही लोक चिठ्ठी परत करतात.

तुमच्या १८ जणांत काम असं वाटा, दहा जण टेबलावर, दोन नाड्या-बटणांना, दोन खोके लिहायला, एक वहीला, दोन धुणं-वाळवणाला, आणि एक जण फक्त फोनवर, त्याला दुसरं काम देऊ नका. दोन खोल्यांना तीन दिवस लागतील, कॉलेजकडून तेवढी सुट्टी मागून घ्या. मी रविवारी सकाळच्या गाडीने अमळनेरला येतो, पहिले दोन तास पोरांबरोबर टेबलावर उभा राहीन. तोपर्यंत एक खोली रिकामी करून ठेवा, मेजरिंग टेप मी आणतो, नाड्यांची बंडलं तेवढी शनिवारीच घेऊन ठेवा, रविवारी बाजारपेठ उघडी असेल नसेल.